बिनशिशाची फेक

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

आज नदीवर परत शेवया. सकाळपासून तीनदा. तिसऱ्या वेळी ह्यांनी गळाची काठी माझ्या हातात दिली आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. मी पिशवीतून क्रोशाची सुई काढून दगडावर बसले आणि तंगूस, ती गळाची नायलॉनची दोरी, सोडवत राहिले. सगळा रिळाच्या चकरीवर फुगून आला होता. पातेल्यात शेवया उतू आल्यासारखा.

शेवया हा शब्द किसन नावाड्याचा. पहिली-दुसरीत हे दोघं एका पाटीवर लिहायचे, त्यामुळे गावात ह्यांना अरे-तुरे करणारा तो एकटा. पलीकडे नाव बांधून ओरडला, "काय रं मेजर, आज मासा का शेवयाच?" एरवी ह्यांनी तिथल्या तिथे परतवलं असतं. आज ऐकू न आल्यासारखं केलं.

मला म्हणाले, "थंडीनं बोटं आखडतात गं."

थंडी कुठली. मी साधी शालही घेतली नव्हती.

चार आण्याच्या नाण्याएवढ्या वजनाचं आमिष त्या आडव्या रिळावरून टाकायचं म्हणजे खेळ नाही, हे मला ठाऊक आहे. गुंता व्हायचाच. पण गेल्या हिवाळ्यात क्वचित कधीतरी व्हायचा, आणि झाला की हे हसायचे. आज हसले नाहीत.

घरी येताना मी त्या शेवयाच मोजत आले. उगाचच असेल.

२० नोव्हें.

दुपारभर हे व्हरांड्यात रीळ उघडून बसले होते. खाली जुना पेपर, वाटीत रॉकेल, शेजारी माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. जुनं ग्रीस पुसून एकेक थेंब तेल. ग्रीस जड, तेल हलकं. मला आता पाठ झालंय सगळं. हलकं आमिष जड चकरीला ओढू शकत नाही, म्हणून चकरीच हलकी करायची. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या लेथवाल्याकडून तिला बारीक भोकं पाडून आणली. तंगूसही जेमतेम लागेल तेवढाच गुंडाळतात.

जावईबापूंनी जपानहून आणलं हे. बोटीवर असतात ते. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, "पप्पा, इतक्या हलक्या कामाला उभं रीळ घ्या. त्यात गुंता होत नाही." तसलंही एक आणून दिलं. ते कपाटात आहे, डब्यासकट. हे म्हणाले, "त्यात अंगठ्याला काय काम?"

ह्यांचं सगळं त्या अंगठ्यावर. फेकताना चकरी गरगर फिरते, अंगठा तिच्यावर पिसासारखा टेकलेला. आमिष पाण्याला लागायच्या आधी तो दाबायचा. मग ते बाभळीच्या फांदीखाली, जिथे मरळ बसलेला असतो तिथे, देवापुढे फूल ठेवल्यासारखं उतरतं. आवाज नाही, तरंग नाही. अंगठा दाबायला उशीर झाला की चकरी फिरत राहते, तंगूसला पुढे जायला जागा नसते, आणि मग शेवया.

उशीर होतोय. तेवढंच झालंय. उशीर होतोय.

रीळ बंद करताना बाजूचा बारका स्क्रू हातातून दोनदा पडला. मी सतरंजीवरून हात फिरवून शोधून दिला. "डोळे," हे म्हणाले.

आधी थंडी, आता डोळे.

२६ नोव्हें.

संध्याकाळी हे आरामखुर्चीत बातम्या ऐकत होते. उजवा हात खुर्चीच्या हातावर मोकळा. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होतं, जपमाळेचा मणी सरकवल्यासारखं. मी पडद्याआड उभी राहून बघत होते. क्षणभर मला इतकं गोड वाटलं! मी इतकी वर्षं देवापुढे दिवा लावते, ह्या माणसाने कधी हात जोडले नाहीत. म्हटलं, म्हातारपणी देव आठवला वाटतं.

आणि मग एकदम सिस्टर बेनेडिक्टा.

पाचगणी. कॉन्व्हेंटचा लांब व्हरांडा, बाहेर सिल्व्हर ओक, धुकं पार उंबऱ्यापर्यंत. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला भरतकाम शिकवायच्या. त्यांची बोटं सारखी अशी फिरायची. जपमाळ खिशात असली तरी. आम्हा मुलींची खात्री होती की सिस्टर अखंड प्रार्थना करतात आणि त्या संत होणार. लहान मुली जाता-येता त्यांच्या बाहीला हात लावून घ्यायच्या. सुई हातात घेतली की बोटं शांत. झोपल्या की शांत. आम्ही म्हणायचो, झोपेत देवदूत त्यांची पाळी घेतात.

मी मॅट्रिकला होते तेव्हा त्यांना सूपचा चमचा तोंडापर्यंत नेता येईना. आम्ही मुली भरवायचो. त्या पाळीसाठीसुद्धा भांडायचो, पुण्य म्हणून. शेवटी मदर वैतागून म्हणाल्या, "मुलींनो, ही प्रार्थना नाही. हा आजार आहे."

ह्यांनी चहाचा कप उचलला आणि बोटं थांबली. अगदी तशीच.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला. किती वेळ कोण जाणे.

१ डिसें., रविवार

नदी. दोनच फेकी झाल्या आणि शेवया. दुसऱ्या वेळी आमिष पलीकडच्या मुळीत अडकलं. मी म्हटलं, तोडा तंगूस, मी दुसरं बांधून देईन. कोंबड्याची पिसं आहेत, गळ आहेत, दोरा आहे. सिस्टरांच्या कृपेने अर्ध्या तासात होतं माझं. ऐकलं नाही. मांडीभर पाण्यात गेले.

वरच्या डोहात मगर आहे. सगळ्यांना माहीत आहे. उन्हाला वाळूवर पसरलेली मी स्वतः पाहिलीय, तोंड उघडं टाकून. पाण्यात हलणारी प्रत्येक काडी मला तीच दिसते. मी काठावरून ओरडत होते, हे पाठमोरे. परत येताना पाय वाळूत ओढत होते.

किसन नावेतून, "अरं गड्या, सकाळच्या पारी घिऊन आलास व्हय? चाल बघ तुजी!"

मला वाटलं, आता हे चिडणार. पण म्हणाले, "थोडीशीच रे. थंडीची." आणि हसले.

घरी आल्यावर म्हटलं, "खोटं का बोललात? महिना झाला, बाटलीला हात लावलेला नाही तुम्ही."

"पिऊन आलोय म्हणू दे," हे म्हणाले. "पिणारा दुसऱ्या दिवशी नीट चालतो."

आणि ओले कपडे बदलायला गेले.  म्हणजे ह्यांनाही कळतंय...

३ डिसें.

केलं एकदाचं.

किसनच्या बायकोकडून जाळ्याच्या शिशाच्या दोन गोळ्या आणल्या. काय करता म्हणाली, तर पडद्याच्या काठाला लावायच्यात म्हटलं. वरवंट्याने ठेचून पत्र्यासारख्या पातळ केल्या, कात्रीने बारीक पट्ट्या कापल्या. गळाच्या दांडीला पट्टी गुंडाळली, वर दोरा, वर पिसं. दिसायला अगदी पहिल्यासारखं. वजन जवळजवळ दुप्पट.

जड आमिष चकरीला नीट ओढतं, अंगठ्याला सवड मिळते. इतकी वर्षं काठावर बसून एवढं तर मला कळतं.

ह्यांच्या डब्यातली सगळी हलकी आमिषं काढून घेतली आणि ही ठेवली. हात इतके थरथरत होते की दोरा दोनदा सुटला. मग मीच घाबरले, आता माझेही हात? खुळी.

८ डिसें., रविवार

एकही शेवया नाही! सुरसुर जात होता तंगूस. मरळ मिळाला, हातभर. हे गुणगुणत घरी आले, स्वतः मासा साफ केला. किसनला ओरडून सांगितलं, "आज शेवया तुझ्याकडे खायला येतो!" तो म्हणाला, "ये की, पर येताना तुजी बाटली घिऊन ये!"

मी आमटी केली. दोन घास जास्त जेवले. मी भरल्या डोळ्यांनी बघत बसले. एका पट्टीने केवढं काम केलं.

आता नीट झोप लागेल.

९ डिसें.

नाही लागली. बोटं खुर्चीवर फिरतच होती. पट्टी गळाला बांधलीय, ह्यांना नाही.

१६ डिसें.

शैलाचा पुण्याहून फोन. "पप्पा कसे आहेत?" ठीक म्हटलं. "मम्मी, तुझा आवाज असा का?" सर्दी म्हटलं. ह्यांच्यासारखंच सुचायला लागलंय मलाही.

हल्ली रविवारची वाट न बघता हे मधेच नदीवर जातात. फेक जमते आहे ना. आणि लांब जायला लागलेत. पूर्वी काठावरच्या खडकावर उभे राहायचे, आता खडकाच्या पुढे, पाण्यात. म्हणतात, "हात लागलाय बघ परत. त्या पलीकडच्या बाभळीपर्यंत पोचतो मी आता." पोचणारच. शिसं पोचवतंय.

हे मी काय करून बसले? शेवया होत होत्या तेव्हा निदान काठावर तरी होते.

पट्ट्या काढून टाकू का? काढल्या तर परत गुंता, परत तो चेहरा. नाही काढल्या तर पाणी. दुपारी डबा उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. तसाच ठेवला.

२५ डिसें.

नाताळ. दर वर्षीसारखं मी सकाळी एकटीच, अगदी हळू, ते जुनं गाणं म्हटलं. पाचगणीला आम्ही मेणबत्त्या घेऊन जिन्यावरून गात उतरायचो. मेण बोटांवर सांडायचं आणि तरी कोणी हात हलवायची नाही. सिस्टर बेनेडिक्टा शेवटच्या वर्षी खाली खुर्चीत होत्या. चेहरा कोरा. आम्हाला वाटलं, रागावल्यात. नंतर कळलं, त्यांना हसताच येत नव्हतं.

हे नव्या वर्षाची कार्डं लिहीत होते, पलटणीतल्या जुन्या मित्रांना. मी पाकिटं चिकटवायला घेतली. पत्त्याची पहिली ओळ नेहमीसारखी ठसठशीत. दुसरी लहान. पिनकोडपर्यंत अक्षर मुंगीएवढं. सगळ्या पाकिटांवर तसंच.

"असं बारीक का लिहिलंय?"

"जागा पुरायला हवी."

अर्धं पाकीट रिकामं होतं.

मी पोस्टात टाकायच्या आधी सगळे पत्ते पुन्हा लिहिले. हे बघत होते. 

५ जानेवारी १९९७, रविवार

हात अजून थंड आहेत, तरी लिहिते.

हे खडकाच्या पुढे, कमरेच्या जरा खाली पाणी. फेक झाली, छान झाली. वळताना उजवा पाय उचलला गेला नाही. मी पाहिलं. घसरले नाहीत, ठेचकाळले नाहीत. पाय जागचा हललाच नाही आणि बाकीचे हे पुढे गेले. पाण्यात तोंडावर. काठी सुटली. टोपी वाहत निघाली.

मी काय ओरडले मला आठवत नाही. किसन म्हणतो, मी इंग्रजीत ओरडत होते. पाण्यात उतरले, साडी पायात अडकली. मला फक्त वरचा डोह दिसत होता, ते काळं पाणी, आणि त्यावर काहीतरी तरंगत होतं. लाकूड होतं. पण ते आता लिहिताना कळतंय.

किसनने नाव आणली, दंडाला धरून ह्यांना उथळ पाण्यात ओढलं. "आरं उठ की! उठ म्हंतो न्हवं!" ह्यांना उठता येत नव्हतं. पाण्यात बसून हे त्याच्याकडे बघत होते, एखादं गणित सोडवत असल्यासारखे. मग त्याच्या गळ्यात हात घालून उठले. किसनने जवळून तोंडाचा वास घेतला. मी पाहिलं त्याला घेताना.  काठावर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईसाब, वास न्हाई काय न्हाई. ह्ये काय हाय मग?"

मी म्हटलं, "माहीत नाही, किसन."

पहिल्यांदा कोणाला तरी म्हटलं.

काठी त्याने बांबूने शोधून आणून दिली. मला वाटत होतं, नको सापडू दे.

६ जाने.

ह्यांना कणकण. दोन ब्लँकेटं. मी उशाशी. झोपेत बोटं शांत होती. मी बघत राहिले, धरली नाहीत. धरली असती तर जागे झाले असते.

शाळेतली हेल मेरीची प्रार्थना म्हटली, पुन्हा पुन्हा. मधल्या ओळीला अडखळले. इतकी वर्षं कधी अडखळले नव्हते.

८ जाने.

ताप उतरला. सकाळी पेज घेऊन गेले तर हे आमिषांचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कुमे, ह्यातलं शिसं काढ."

मी खाली बसले. 

"कधी कळलं?"

"पहिल्याच फेकीला. चार आण्याच्या जागी आठ आणे बांधलेत आणि मला कळणार नाही? अंगठ्याला पहिल्यांदा वजन कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठं बोललीस?"

मग म्हणाले, "बरं वाटलं गं मला. महिनाभर छान फेकत होतो. म्हटलं, असू दे. तिलाही बरं वाटतंय, मलाही."

मी रडले. हे पेज खात होते. चमचा वाटीच्या काठावर टकटक वाजत होता. तो आवाज. मी चमचा घेतला हातातून आणि भरवायला लागले, तर म्हणाले, "एवढ्यात नको." मी चमचा परत दिला.

मिरजेला जायचं ठरलं. मेंदूचे डॉक्टर. शैलाला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली येते. हे मागून ओरडले, "तिला म्हणावं, मला अजून पुरलेलं नाही. सावकाश ये!"

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ. बायका आल्या-गेल्या. प्रत्येकीने विचारलं, मेजरसाहेब पाण्यात पडले म्हणे? एकीने तर घरगुती औषधच सुचवलं, दारू सुटायचं. मी हलव्याची वाटी पुढे केली.

हे आतून ऐकत होते. रात्री म्हणाले, "घे की ते औषध. फुकट मिळतंय."

मला हसू आलं. हसता हसता भीती वाटली, हे हसताहेत का बघायला मान वर केली. हसत होते. जरा उशिरा, पण हसत होते.

१६ जाने., गुरुवार

मिरज. सकाळच्या एस.टी.ने. दवाखान्याच्या बाकावर किती माणसं, विजापूरकडची, जतकडची, कानडीत बोलणारी. समोरच्या एका म्हाताऱ्याची मान सारखी नाही-नाही म्हणत होती. त्याची बायको पदराने त्याचं तोंड पुसत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने मात्र माझ्याकडे, मग ह्यांच्या हाताकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

डॉक्टर तरुण, शैलाच्या वयाचे. ह्यांना म्हणाले, "साहेब, अंगठा आणि पहिलं बोट, असं जोडा, सोडा. भराभर." डावा हात भराभर. उजवा सुरुवातीला मोठा, मग लहान, मग आणखी लहान, मग नुसता थरथरता. ह्यांनी दात आवळले होते.

"आता त्या दारापर्यंत चालून या."

चालले. ताठ, छाती पुढे. डावा हात हलत होता. उजवा अंगाला चिकटून. सव्वीस जानेवारीला संचलनात हा हात किती उंच जायचा. मी मंडपातून, शैलाला कडेवर घेऊन, गर्दीतून तेवढा हात ओळखायचे.

कागदावर गोगलगायीसारखी गोल रेघ काढायला लावली. मी खिडकीबाहेर बघितलं.

"रक्त तपासून कळत नाही का?" मी विचारलं.

"नाही, बाई. मला कंपवात वाटतोय. पण खात्री गोळीनेच होईल. हळूहळू वाढवायची, दोन-तीन आठवडे बघायचं. हात मोकळा झाला तर कंपवातच. मग गोळी कायमची. काही वर्षं चांगली जातात, पुढे पुढे तिचा जोर कमी होतो."

"आणि हात मोकळा नाही झाला तर?"

"तर पुण्याला जाऊन डोक्याचा स्कॅन करून घ्या. आत दुसरं काही आहे का बघायला."

"दुसरं म्हणजे?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "आधी गोळी बघू."

येताना एस.टी.त हे खिडकीशी. म्हणाले, "शत्रू कोण ते तर कळेल. गोळी म्हणजे आपली टेहळणीची तुकडी. आत जाऊन बघून येऊ दे."

मी मान हलवली. मला फक्त एवढंच कळत होतं की बरं वाटलं तरी वाईट आणि नाही वाटलं तरी वाईट.

१९ जाने.

गोळी सुरू. मळमळतं. सकाळी उलटी. हे म्हणतात, तुकडीला चढण लागलीय.

देवापुढे बसले आणि काय मागायचं तेच कळेना. लागू पडू दे? म्हणजे सिस्टर बेनेडिक्टांचा आजार. ती खुर्ची, तो चमचा. लागू पडू नको दे? म्हणजे ते डॉक्टर ज्याचं नावही घेईनात ते. अशी प्रार्थना कोणी शिकवली नाही. दिवा लावला आणि उठले.

२४ जाने.

शैला येऊन चार दिवस राहून गेली. जाताना रीळ घेऊन जाते म्हणाली, "म्हणजे पप्पा पाण्यात जाणार नाहीत." ह्यांनी बॅगेतून काढून घेतलं. "पाण्यात नाही जाणार. काठावरून. शपथ." कोणाची ते सांगितलं नाही.

मळमळ कमी.

२९ जाने.

आज शर्टाची बटणं ह्यांनी स्वतः लावली. अलीकडे मीच लावत होते. मी भाजी चिरत होते, समोर येऊन उभे राहिले, सगळी बटणं नीट. आधी आनंदाने माझ्या तोंडून "अरे वा!" निघालं, आणि लगेच तोंडावर हात गेला. हे म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटलं. विळीवर बोट कापलं होतं, तेवढ्यावर निभावलं.

पण काल ह्यांना लावता आली नव्हती. परवा निम्मी लावली होती. मग काय समजायचं?

खुर्चीवरची बोटं कधी फिरतात, कधी नाही. मी किती बघते! ह्यांना माझ्या बघण्याचा त्रास होत असणार. काल मधेच म्हणाले, "बातम्या बघ की गं. रेडिओ आहे म्हणून काय झालं, त्याच्याकडे बघ."

४ फेब्रु.

किसन दारात. टोपी काढून. ह्यांना म्हणाला, "मेजर, म्या गावात समद्यास्नी सांगितलं, त्यो पीत न्हाई म्हनून. आजारी हाय म्हनून."

हे चिडले. "तुला कोणी सांगितलं होतं? पिणारा म्हणून बरा होतो मी."

"ऱ्हाऊ दे की. आता लोकं दया करत्यात तर करू दे."

"दया तुझ्या म्हशीवर कर!"

किसन हसत बसला, चहा प्यायला, उठताना म्हणाला, "रविवारी ये. नाव काठालाच लावतो. तू फेक, म्या हुबा ऱ्हातो."

हे हो म्हणाले.

रविवारी. डॉक्टरांचे तीन आठवडे होत आलेत. मला घाबरायला आता दिवस ठरवून मिळाला.

८ फेब्रु.

ह्यांनी मला समोर बसवून आमिष बांधून घेतलं. पट्टी नाही. नुसता गळ, दोरा, दोन पिसं. तळहातावर घेऊन बघितलं. "एवढंच. ह्याच्यापेक्षा जास्त नको."

"थोडं जड चाललं नसतं का? पहिल्या दिवशी?"

"जडाला काय, कोणीही फेकेल. मग कळणार काय?"

रीळ पुसलं, एक थेंब तेल. बाजूचा स्क्रू ह्यांनीच बसवला. एकदाच पडला.

९ फेब्रु., रविवार

नदीवर जाऊन आलो. आत्ताच आलो. हे आंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

हे काठावर, कोरड्या वाळूत. किसनची नाव लागूनच. मी मागे, ह्यांच्या उजव्या हाताला, जिथून अंगठा दिसेल तिथे. हे म्हणाले, "असं डोक्यावर उभी राहू नकोस." एक पाऊल मागे झाले.

पहिली फेक. चकरी गरगरली, आणि मधेच गप्प. शेवया. किसनने तोंड उघडलं आणि मिटलं. मी सुई काढली. सोडवताना माझी बोटं चुकत होती. मनात म्हटलं, म्हणजे कंपवात नाही. मग वाटलं, म्हणजे पुणे. मग ते दुसरं. गुंता सुटला तशी काठी ह्यांच्या हातात दिली.

दुसरी फेक. हात मागे गेला, काठीचं टोक वाकलं, सुटलं. तंगूस गेला, जात राहिला, बाभळीच्या खालच्या फांदीखालून आत. मी अंगठा पाहिला. टेकला, दबला. वेळेवर. पाण्यावर काही उमटलं नाही. डिसेंबरातल्या त्या शिशाच्या फेकीसारखी नव्हे, जुनी, आमच्या पहिल्या हिवाळ्यातल्यासारखी.

"वा रं माज्या वाघा!" किसन नावेत उभाच राहिला. "ग्वाळी लागू पडली की रं!"

त्याला काय माहीत.

ह्यांनी रीळ गुंडाळायला सुरुवात केली नाही. तसेच उभे. तंगूस पाण्यावर सैल पडलेला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, भीतीही नव्हती. माझ्याकडूनच कळेल अशा विश्वासाने बघत होते.

हळू आवाजात, किसनला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "कुमे, ही फेक माझी का गं? का गोळीची?"

मी म्हटलं, "परत टाका."